गुंतवळातली गोष्ट

गटातल्या आम्ही पाचजणी आज पुन्हा तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. मागच्या खेपेला गांडूळखतावर बोललो होतो. आजचा विषय त्याहून हलका आहे, अगदी वजनालासुद्धा. आज केसाबद्दल बोलायचं आहे.

केस विंचरले की फणीला जे येतं ते गुंतवळ आपण बोटाला गुंडाळतो आणि भिंतीच्या फटीत नाहीतर पिशवीत खुपसून ठेवतो. मग दारावरून हाक येते, केसांवर भांडी. वर्षभराचं गुंतवळ देऊन एखादी वाटी किंवा गाळणी मिळते. तेवढाच आपला केसाशी व्यवहार. पण त्या गुंतवळातल्या एका केसात काय असतं, हे बघायला जगातल्या शहाण्या माणसांनी आयुष्य घातलं, असं आम्हाला तालुक्याच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापक बाईंनी सांगितलं तेव्हा आम्ही हसलोच. मग त्या बोलत गेल्या आणि आमचं हसू थांबलं. आमच्या गटात त्याआधी एक गोष्ट घडली होती आणि तिचा केसाशी संबंध होता. ती पुढे सांगतो. आधी केस.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एक केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. रोज पन्नासेक ते शंभर केस गळणं हे चालायचंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जाडी म्हणाल तर दहा ते वीस केस एकाला एक लावून ठेवले तर जेमतेम १ मिलिमीटर भरेल.

आता एक लांब केस हातात घ्या. चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवा. गुळगुळीत लागतं. आता उलटं, टोकाकडून मुळाकडे फिरवा. जरा खरखरीत लागतं, अडतं. असं का होतं? केसाच्या अंगावर कौलं असतात. आपल्या कौलारू घरावर जशी एकावर एक कौलं चढवलेली असतात, तशीच बारीक खवल्यांची कौलं. मूळ म्हणजे आढं आणि टोक म्हणजे वळचण. त्या कौलांच्या कडा टोकाकडे उघडतात, म्हणून उलटी फणी मारली की ती उचकटतात. गुंता सोडवताना म्हाताऱ्या बाया आधी टोकाकडचा गुंता काढायच्या आणि मग हळूहळू वर सरकायच्या, त्यात शहाणपण होतं.

ही कौलं साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली केस ठेवलात तर तुम्हालाही त्यांच्या कडा दिसतील. पण कौलांच्या आत काय आहे? आत लांबट, चातीसारख्या पेशी आहेत. त्या पेशींत धागे आहेत, धाग्यांत आणखी बारीक धागे आहेत. अगदी आतले धागे इतके बारीक, की तिथे साधा उजेड कामाचाच नाही. उजेडाची लाट त्या धाग्यांच्या मानाने फार मोठी. मोठ्या भोकांच्या चाळणीने मैदा चाळायला गेलं तर काय हाती लागणार? तिथे उजेडाच्या लाटेपेक्षा काही हजार पटींनी लहान लाट लागते. तशी लाट म्हणजे क्ष-किरण. आपण दवाखान्यात ज्याला एक्स-रे म्हणतो, तेच.

जर्मनीत १८९५ साली राँटगेन नावाच्या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले. त्यांनी काढलेल्या पहिल्या फोटोंपैकी एक त्यांच्या बायकोच्या हाताचा होता. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी त्यात दिसते. तो फोटो म्हणजे सावली. हाड मोडलं की आपण काढतो तोही सावलीचाच फोटो. पण केसाच्या आतला धागा सावलीने दिसत नाही. त्याला दुसरी युक्ती लागते. ती युक्ती तुम्ही आज रात्री घरीच करून बघा.

अंधार पडला की लांबवरचा रस्त्यावरचा दिवा बघा. आता पातळ, बारीक विणीची ओढणी किंवा सुती साडीचा पदर एकाच पदरात ताणून डोळ्यासमोर धरा आणि त्यातून तो दिवा बघा. एका दिव्याचे अनेक ठिपके दिसतील, आडवे आणि उभे, फुलीसारखे. ओढणी फिरवली की फुलीही फिरते. वीण जितकी बारीक, तितके ठिपके एकमेकांपासून लांब. म्हणजे कापडाचा एकही धागा डोळ्यांना सुटा दिसत नसला, तरी नुसते ठिपके मोजून धागे किती जवळजवळ आहेत ते सांगता येतं. उजेड विणीतून जाताना वाकतो, पसरतो आणि नक्षी करतो. रांगोळी बघून ठिपक्यांचा कागद कसा होता ते ओळखावं, तसंच हे.

उजेडाच्या जागी क्ष-किरण आणि ओढणीच्या जागी केस ठेवा. जर्मनीतच १९१२ साली माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडून बघितले, तेव्हा फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्रॅग या बापलेकांनी त्या ठिपक्यांवरून आतली मांडणी ओळखायची रीत बसवली. १९१५ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. मुलगा तेव्हा पंचविशीचा होता.

मिठाचा खडा, हिरा असे खडे या रीतीने बघून झाले. पण केसाकडे वळला तो विल्यम ॲस्टबरी. हा इंग्लंडमधल्या कुंभारकामाच्या मुलखातला मुलगा, बाप मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला. शिकून तो थोरल्या ब्रॅगच्या हाताखाली गेला आणि १९२८ साली लीड्स या गावी आला. लीड्स म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. गिरणीवाल्यांना जाणून घ्यायचं होतं, की लोकर ताणली तर का ताणते आणि सोडली की परत का आखडते. लोकर आणि आपला केस एकाच मालाचे बनलेले आहेत. त्या मालाला केराटिन म्हणतात. आपली नखं, म्हशीचं शिंग, कोंबडीचं पीस हीसुद्धा केराटिनचीच.

ॲस्टबरीने काय केलं? केसांची किंवा लोकरीची जुडी सरळ ताठ बांधली. तिच्यातून क्ष-किरणांची बारीक शलाका सोडली. मागे फोटोची फिल्म लावली आणि वाट बघत बसला. त्या काळी एका फोटोला तास तास लागायचे. फिल्म धुतली की तिच्यावर डाग आणि कमानी दिसायच्या. मग त्याने तोच केस ओला करून, वाफ देऊन भरपूर ताणला आणि ताणलेला असताना पुन्हा फोटो काढला. आता डाग दुसऱ्याच जागी! ढिल्या केसाची एक नक्षी आणि ताणलेल्या केसाची दुसरी. ताण सोडून वाफ दिली की पहिली नक्षी परत यायची.

यावरून त्याने ओळखलं, की केसाच्या आतल्या लांब साखळ्या नेहमी आखडून, मुरडून बसलेल्या असतात. ताणलं की त्या उलगडतात आणि सोडलं की परत मुरडतात. हे त्याचं म्हणणं खरं निघालं. पण ती मुरड नेमकी कशी, याचं त्याने काढलेलं चित्र चुकलं. त्याने ती सपाट घडी असेल असं धरलं होतं. १९५१ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं, की साखळी सपाट घडी घालत नाही, ती जिन्यासारखी गोल गोल चढते. पेनातल्या स्प्रिंगसारखी. गंमत अशी, की त्याआधी तीन वर्षं पॉलिंग सर्दीने अंथरुणाला खिळले असताना त्यांनी कागदाच्या पट्टीवर साखळी काढली होती आणि कागद दुमडत दुमडत हा आकार शोधला होता.

पण एक हिशेब जुळेना. पॉलिंगच्या स्प्रिंगचा एक वेढा ५.४ मापाचा येत होता आणि केसाच्या फोटोत माप येत होतं ५.१. हे माप म्हणजे १ मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातले पाच. इतक्या बारीक मापातला एवढासा फरक, पण तो सोडून देता येईना. शेवटी फ्रान्सिस क्रिक आणि पॉलिंग या दोघांनी, आपापल्या जागी बसून, उत्तर काढलं. हे उत्तर ऐकलं तेव्हा आमच्या गटातल्या आक्का म्हणाल्या, अगं, मग हे मला विचारायचं की!

आक्कांनी आयुष्यभर घायपाताचे दोर वळले आहेत. दोन पेड एकमेकांवर पीळ देऊन वळले, की दोर पेडापेक्षा आखूड होतो, हे त्यांना हाताने ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. मोकळे केस कमरेपर्यंत येतात आणि त्यांचीच वेणी घातली की ती चार बोटं वर राहते. पेड तिरका जातो म्हणून लांबी कमी भरते. केसाच्या आत अगदी हेच आहे. त्या स्प्रिंगा सुट्या नसतात, त्या एकमेकींना पीळ घालून बसतात. पिळामुळे वेढा तिरका होतो आणि ५.४ चं माप ५.१ भरतं. म्हणजे आपण केसाची वेणी घालतो, त्या केसाच्या आत आधीच पीळ आहे. अशा पिळांचे जुडगे, जुडग्यांचे धागे आणि धाग्यांचा केस.

हे कळल्यावर रोजच्या गोष्टींचा उलगडा होतो. या साखळ्यांना एकमेकींशी दोन प्रकारचे टाके असतात. एक कच्चा टाका, तो पाण्याने सुटतो आणि वाळलं की परत बसतो. ओल्या केसांची वेणी घालून वाळू दिली की केस लाटेसारखे होतात आणि पुन्हा न्हालं की लाट जाते, ती या कच्च्या टाक्यामुळे. म्हणूनच ओला केस जास्त ताणला जातो. त्याला दात्यांच्या बारीक फणीने ओढू नये. दुसरा पक्का टाका गंधकाचा. केस जळला की जो उग्र वास येतो, तो या गंधकामुळे. पार्लरमध्ये केस कायमचे सरळ किंवा कुरळे करण्याच्या काही औषधांनी हा पक्का टाका उसवून पुन्हा घातला जातो. मुळातून येणारा नवा केस मात्र आपल्या मूळच्या वळणावरच येतो.

या कामात बायका होत्या का, असं आम्ही प्राध्यापक बाईंना विचारलं. होत्या. लीड्समध्येच ॲस्टबरीच्या हाताखाली फ्लोरेन्स बेल नावाची तरुण मुलगी होती. तिने क्ष-किरणांनी डीएनएचे फोटो काढले आणि ते १९३८ साली छापून आले. आईबापाकडून लेकराकडे काय जातं ते ज्यात लिहिलेलं असतं, ते डीएनए. त्याच विद्यापीठात काही वर्षं आधी कॅथलीन लॉन्सडेल होत्या. त्यांनी मुलं लहान असताना घरात बसून हाताने हिशेब केले. पुढे घरकामाला कुणाला ठेवता यावं म्हणून त्यांना थोडे पैसे मिळाले, तेव्हा कुठे त्या प्रयोगशाळेत परतल्या. १९४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने पहिल्यांदाच बायकांना सभासद करून घेतलं, त्या दोघींतल्या एक लॉन्सडेल. घरकामाला हात मिळाला तर बाई काय करू शकते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आता आमच्या गटातली गोष्ट.

आमच्यातल्या एका वहिनींना छातीत गाठ लागली होती. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग बाजारगावी एक शिबिर लागलं. तिथे केसाची बट कापून घ्यायचे आणि यंत्रात घालून अंगातला कुठलाही रोग सांगतो म्हणायचे. वहिनींनी पैसे भरले, बट दिली. कागद आला की सगळं ठीक आहे. वहिनींनी तो कागद देवघरात ठेवला आणि निश्चिंत झाल्या. चार महिने गेले. आम्हाला कळलं तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती.

म्हणून आम्ही प्राध्यापक बाईंना स्पष्ट विचारलं, केसावरून कॅन्सर कळतो का?

त्यांनी जे सांगितलं ते नीट ऐका. हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. आता क्ष-किरणांसाठी मोठमोठी गोल यंत्रं असतात. आपल्या देशात इंदूरला इंडस-२ नावाचं असं यंत्र आहे, त्याच्या गोलाचा घेर सुमारे १७२ मीटर. अशा यंत्रांतून इतकी प्रखर शलाका मिळते की जुडी लागत नाही, एकच केस पुरतो. १९९९ साली 'नेचर' या नावाजलेल्या नियतकालिकात एक लेख आला. स्तनाचा कॅन्सर असलेल्या बायकांच्या केसाच्या नक्षीत एक जास्तीचं वलय दिसतं, असं त्यात म्हटलं होतं. जगभर बातमी झाली. एक केस द्यायचा आणि कॅन्सर कळणार, कुणाला नको होईल?

पण शास्त्राची रीत अशी, की एकाने सांगितलं म्हणून झालं नाही. दुसऱ्याने करून बघायचं. दुसऱ्या प्रयोगशाळांनी करून बघितलं. ते वलय धडधाकट बायकांच्या केसातही दिसलं आणि कॅन्सर असलेल्या काही जणींच्या केसात दिसलंच नाही. तसं वलय केसातल्या स्निग्ध पदार्थांमुळेही येतं. म्हणजे ती परीक्षा भरवशाची ठरली नाही. आजही कुठलाही जबाबदार डॉक्टर केस बघून स्तनाच्या कॅन्सरचं निदान करत नाही. एवढ्या मोठ्या यंत्रांनी जे जमलं नाही, ते बाजारातल्या पेटीला जमतं असं कुणी म्हणालं, तर पैसे कमरेलाच ठेवा.

मग कशाने कळतं? हाताने तपासून, मॅमोग्राफी नावाच्या छातीच्या एक्स-रेने आणि गाठीचा तुकडा सुईने काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघून. हाताची तपासणी म्हणजे काहीतरी कमी दर्जाची, असं समजू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ साली एक मोठा अभ्यास सुरू केला. दीड लाखाच्या वर बायका त्यात होत्या, बहुतेक गरीब वस्त्यांतल्या. निम्म्या भागांतल्या बायकांना, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं, असं चार वेळा. वीस वर्षांनी हिशेब मांडला, तो २०२१ साली छापून आला. तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. ना वलय, ना मोठं यंत्र. शिकलेली बोटं आणि वेळेवर तपासणी.

आपल्याकडे ३० वर्षांच्या पुढच्या बायकांची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा सरकारी आरोग्य केंद्रात करायची, असं धोरण आहे. आशाताईंना विचारा, नर्सबाईंना विचारा. आणि मध्येच काही वेगळं जाणवलं तर पाच वर्षांची वाट बघायची नाही. छातीत किंवा काखेत गाठ, कातडीला खळी पडणं, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्त येणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दवाखाना. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. गाठ बहुधा दुखतच नाही, तिथेच आपण फसतो. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, हेही खरं. पण ते डॉक्टरने सांगायचं, आपण आपल्याला सांगायचं नाही.

आमच्या वहिनींचं ऑपरेशन झालं. मग सलाइनमधून औषधं दिली. त्या औषधांनी केस गेले. भराभर वाढणाऱ्या पेशींवर ते औषध घाव घालतं आणि केसाच्या मुळातल्या पेशी भराभर वाढणाऱ्या असतात, म्हणून केस जातात. वहिनी गाठीला जेवढ्या घाबरल्या नव्हत्या तेवढ्या केस गेल्यावर रडल्या. आम्ही त्यांना काय समजावणार? आम्ही सगळ्याजणी डोक्यावरून पदर घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो, म्हणजे त्यांचा एकटीचा पदर उठून दिसू नये.

उपचार संपल्यावर काही महिन्यांनी केस आले. आधी लव, मग बोटभर. आता मानेपर्यंत आलेत. हे भाषण लिहायला बसलो तेव्हा त्याही होत्या. आम्ही विचारलं, वहिनी, तुमची गोष्ट सांगू का? त्या म्हणाल्या, सांगा, पण चार महिने गेले तेही सांगा, नुसती बरी झाले एवढंच सांगू नका.

म्हणून सांगितलं. पुढच्या गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की प्रत्येकीला एकच विचारा, तुझी तपासणी झाली का? नसेल तर दोघीदोघींनी मिळून जा. आणि केसवाली आली तर गुंतवळ खुशाल द्या, वाटी घ्या. केसाचा तेवढा व्यवहार चालेल. निदान मात्र केसावरून नको.

बरंय मैत्रिणींनो, पुढच्या बुधवारी पुन्हा भेटू. नमस्कार.